छोटा गिअर

बैठक भाऊंनी बोलावली होती आणि तरी ते स्वतः उभेच होते. उभ्याने सांगितलं की निर्णय होतो आणि बसून सांगितलं की चर्चा होते, असा त्यांचा आजवरचा अनुभव. वहिनींना नवऱ्याच्या या उभं राहण्याचा अर्थ लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळला होता. त्यांनी चहा ओतता ओतता एक खुर्ची पायाने ढकलून त्यांच्या गुडघ्यांमागे नेऊन ठेवली. भाऊ बसले नाहीत, पण खुर्ची आहे हे त्यांच्या पायांना कळलं आणि आवाजातला ताठा जरा कमी झाला.

"टेकडीवरची रोपवाटिका आता बंद करू या," ते म्हणाले. "मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय."

भाऊंनी सगळ्या बाजूंनी विचार केला की इतरांना उभं राहायला बाजूच उरत नसे. पण आज त्यांचं म्हणणं खोडून काढणं खरोखरच अवघड होतं. वर जाणारा पक्का रस्ता मध्येच खचला होता आणि तो कधी नीट होईल हे सांगायला कोणी तयार नव्हतं. राहिली भाऊंच्या वडिलांच्या, अण्णांच्या काळातली जुनी वाट. ती म्हणजे चिकण मातीचा उभा चढ. तिथे साधी गाडी अर्ध्यावर जाऊन मागे घसरायला लागते. घरातला जुना ट्रक मात्र त्या वाटेवरून वर्षानुवर्षं गेला होता, कारण त्याला मोठ्या गिअरच्या बाजूला आणखी एक बुटका दांडा होता. तो ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळायचा आणि ट्रक चारही पायांनी चढायचा. घरात त्याला छोटा गिअर म्हणत. पक्का रस्ता झाला, अण्णा गेले, आणि छोट्या गिअरला हात लावायची कोणाला गरजच पडली नाही. आता गरज पडली, तर तो हलायला तयार नव्हता.

गॅरेजवाल्याने येऊन दांड्याला दोन हिसके दिले होते आणि आतली गिअरची पेटीच गेली असेल, या गाडीचे भाग आता मिळत नाहीत, असं सांगून तो निघून गेला होता. वरची जागा मागणारा एक माणूस उद्या सकाळी यायचा होता. एवढं सगळं जुळून आल्यावर भाऊ उभे राहणार नाहीत तर काय करतील.

टेबलाच्या टोकाला धाकटी बसली होती. भाऊंच्या धाकट्या भावाची ही बायको. नवरा गेल्यापासून रोपवाटिका ती एकटी चालवत होती आणि तिथल्याच दोन खोल्यांत राहत होती. वर तिची कलमं तयार उभी होती. ती खाली आली नाहीत तर कुंड्यांतच वाळणार होती. कलमांचं दुःख तिला होतंच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती, आणि ती भीती भाऊंच्या प्रेमातूनच आली होती.

"मागची खोली तयार आहे," भाऊ तिच्याकडे वळून म्हणाले. "मी स्वतः रंगवलीय. तुला पिवळा आवडतो म्हणून पिवळा."

भाऊ पेशाने रंगारी. घरं, पाट्या, फाटकं, जे म्हणाल ते. धाकटीने ती खोली पाहिली होती. रंग इतका सुरेख लागला होता की भिंतीवरून हात फिरवावासा वाटे. कोपऱ्यात कपड्यांचं कपाट, खिडकीशी खुर्ची. त्या खुर्चीत तिला पुढचं सगळं दिसलं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या खिडकीशी, चांगलं वागवलं जात बसून राहायचं. भाऊ आणि वहिनी तिला एका शब्दाने दुखावणार नाहीत हे ती जाणून होती. म्हणूनच नाही म्हणणं जड जात होतं.

ताई भाऊंच्या बाजूने होती. भाऊंच्या पाठची ही बहीण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेली, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाशीही ती परगावी फोन लावल्यासारखी बोलायची. एकट्या बाईने टेकडीवर राहायचं, रस्ता नाही, गाडी नाही, उद्या काही झालं तर कोण धावणार, असं तिने खणखणीत आवाजात विचारलं. भाऊंची मुलगी चिमणी म्हणाली की आत्या, तूही एकटीच राहतेस. ताई म्हणाली की मी एकटी राहते ती तळमजल्यावर. चिमणीचं वय तिशीला आलेलं, आखडलेले खांदे आणि गुडघे मोकळे करून देण्याचा तिचा स्वतःचा दवाखाना, पण घरात ती अजून चिमणीच होती आणि आत्या बोलली की गप्प व्हायची.

वहिनी कोणाच्या बाजूने होत्या ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी धाकटीच्या कपात चहा घातला आणि विचारलं, "तुला काय वाटतं गं? तुला कोणी विचारलंच नाही."

धाकटीने कप दोन्ही हातांत धरला. "आजचा दिवस द्या मला," ती म्हणाली. "तो छोटा गिअर मी स्वतः बघते. संध्याकाळपर्यंत ट्रक जुन्या वाटेने वर गेला तर मी तिथेच राहीन. नाही गेला तर तुम्ही म्हणाल तसं."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, नसता हट्ट आहे, पण दिवसभराचाच आहे. लेकरू दमलं की आपोआप मांडीवर येतं. "ठीक आहे," ते म्हणाले आणि मग मात्र खुर्चीत बसले.

*

ट्रक अंगणात लिंबाच्या झाडाखाली उभा होता. अण्णांनी तो घेतला तेव्हाच जुना होता आणि आता तर त्याच्या वयाविषयी बोलणं घरात शिष्टाचाराला धरून समजलं जात नसे. पण काय गाडी ठेवली होती! दरवर्षी एका सुट्टीच्या दिवशी सगळं घर मिळून तो धुवायचं, आणि मग भाऊ पोत्यावर पाठ टेकून खाली शिरायचे आणि सगळ्या सांगाड्याला डांबरासारखा दाट काळा रंग द्यायचे. गाडी खालून सडते, वरून नाही, असं अण्णा म्हणत. अण्णा गेल्यावर भाऊंनी ते वाक्य मृत्युपत्रासारखं पाळलं होतं.

ताई भाऊंच्या बाजूने होती हे खरं, पण गाडीपाशी काही चाललंय आणि आपण घरात बसलोय, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. पाच मिनिटांत ती ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसली. अण्णा हा दांडा दोन बोटांनी ओढायचे, हे तिने लहानपणी शेजारी बसून पाहिलं होतं. तिने दोन्ही हातांनी धरून ओढला. मग पाय समोर टेकवून ओढला. मग म्हणाली की याच्यावर लांब पाइप घाला आणि दोघी मिळून ओढा, कसा येत नाही बघू.

"मोडेल, ताई," धाकटी खालून म्हणाली. "मग खरंच काही उरणार नाही."

ताईला राग आला. पण तो दांडा हातात धरून बसल्यावर तिला आणखी एक गोष्ट आठवत होती. जुन्या वाटेवरच्या चढाला अण्णा हा गिअर टाकायचे तेव्हा एकदम गप्प व्हायचे, आणि तिलाही गप्प बसायला सांगायचे. जन्मभर कोणी तिला गप्प बसवू शकलं असेल तर ते तेवढंच. तिने हात सैल केला.

चिमणी ट्रकभोवती फिरून आली. तिच्याकडे कोणी आखडलेला हात घेऊन आलं तर ती आधी हाताला हात लावतच नसे. दुखतं कुठे आणि अडतं कुठे या दोन वेगळ्या गोष्टी असतात, असं ती म्हणायची. आताही तिने तेच विचारलं. हा दांडा आत जाऊन कशाला जोडलेला आहे?

धाकटीला तेवढं माहीत होतं. नवऱ्याने कितीदा दाखवलं होतं. दांडा खाली एका खुंटीवर हलतो, तिथून एक लोखंडी सळई मागे जाते आणि पिनेने पेटीच्या बाहेरच्या छोट्या हाताला जोडलेली असते. पेटीच्या आत दातेरी चाकं. सगळी करामत तिथे.

"मग पिन काढू या," चिमणी म्हणाली. "सळई सुटली की पेटीचा हात नुसत्या हाताने हलवून बघू. तो हलला तर पेटी चांगली आहे, अडलंय ते बाहेर. नाही हलला तर…"

नाही हलला तर पिवळी खोली. ते दोघींनाही कळलं.

खाली शिरण्याआधी धाकटीने हँडब्रेक ओढला आणि चारही चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावले. गाडी गिअरमध्ये आहे की, मग दगड कशाला, असं ताईने वरून विचारलं. धाकटीने सांगितलं की छोटा गिअर मधल्या जागी आला की इंजिन आणि चाकांचा संबंधच तुटतो, मग मोठा गिअर असला काय आणि नसला काय. आपण खाली असताना गाडी चालायला लागली तर तुमच्या बैठकीला माणसं कमी पडतील. ताईने यावर स्वतः उतरून प्रत्येक दगडाला लाथ मारून पाहिली आणि एक दगड बदलायला लावला. तिची बाजू नेमकी केव्हा बदलली हे पुढे तिला विचारलं तर ती म्हणायची की मी बाजू बदललेलीच नाही, मी फक्त दगड बदलला.

*

खाली सगळं काळं होतं. काळं, गुळगुळीत आणि चकचकीत. धाकटीने बॅटरी धरली आणि सळईवरून बोट फिरवत फिरवत मागे नेलं. सळई कुठे संपते आणि पिन कुठे सुरू होते ते दिसेना. जिथे जोड असायला हवा तिथे एक गोल फुगवटा होता. तिने पेचकसाचं टोक त्यावर घासलं. काळी कपची निघाली. त्याखाली काळाच रंग. आणखी घासलं, पुन्हा काळा. मग ती पुढे सरकून दांड्याच्या खुंटीपाशी गेली. तिथेही तेच. खुंटी, तिच्याभोवतीची फट, फटीतलं जुनं ग्रीस, सगळ्यांवरून रंगाचा हात फिरला होता, दरवर्षी, न चुकता. जिथे हलायला जागा हवी होती ती जागाच रंगाने भरून गेली होती.

"बाबांचा रंग," चिमणी शेजारी येऊन कुजबुजली.

धाकटीने ओठावर बोट ठेवलं.

त्या क्षणी तिच्या हातात काय होतं याचा विचार करा. सकाळी ज्या माणसाने तिचं सगळं आयुष्य आवरून मागच्या खोलीत ठेवायचं ठरवलं होतं, त्याच्याच हाताने गाडी बंद पडली होती. बाहेर येऊन एक वाक्य बोलली असती तर बैठक तिथेच संपली असती आणि पुन्हा या घरात कोणी तिच्यासमोर उभं राहून बोललं नसतं. कोणी तिला दोषही दिला नसता. पण तिने बॅटरी फिरवून सांगाडा पाहिला. इतकी जुनी गाडी, आणि एका ठिपक्याएवढा गंज नाही. भाऊंचा उजवा खांदा दुखतो. तो खांदा घेऊन ते दरवर्षी या थंड जमिनीवर पाठ टेकून पडत आले होते, बापाच्या एका वाक्यासाठी. ज्याने गाडी जगवली त्याच्याच हातून ती अडली होती. हे असं त्यांना ऐकवायचं तिच्या जिवावर आलं. खरं सांगायचं तर या घरात आलेल्या सगळ्या माणसांत मनाने मोठी असलेली ही बाई, आणि तिचं नाव पडलं होतं धाकटी.

"गंज म्हणून सांगू," ती हळूच म्हणाली.

दोघींनी खरवडायला घेतलं. पेचकस, तारेचा ब्रश, शेवटी वहिनींच्या स्वयंपाकघरातला बोथट चाकू. पिनेचं डोकं दिसलं. पिनेची वाकवलेली टोकं पकडीने सरळ करताना चिमणीच्या हाताला ओरखडा आला आणि ती दवाखान्यात कधी न वापरलेला एक शब्द बोलली. वरून ताईने तो ऐकला आणि न ऐकल्यासारखं केलं. पिन निघाली, सळई सुटून खाली लोंबली.

आता पेटीचा हात. धाकटीने तो मुठीत धरला आणि धरूनच ठेवला. ओढायची हिंमत होत नव्हती. जोपर्यंत ओढलं नाही तोपर्यंत टेकडी तिची होती.

"मी ओढू?" चिमणीने विचारलं.

"नको," धाकटी म्हणाली आणि ओढलं.

खट् असा आवाज झाला. जाड, तेलातून आलेला, निरोगी आवाज. हात मागे गेला. तिने ढकलला, तो पुढे आला. गॅरेजवाल्याने जिला मेलेली ठरवलं होतं ती पेटी आत जशीच्या तशी होती. धाकटीने डोळे मिटून घेतले. चिमणीने रंगाने माखलेल्या हाताने तिचा खांदा दाबला, आणि तो डाग त्या साडीवरून पुढे कधीच गेला नाही.

*

राहिली दांड्याची खुंटी. ती खरवडून मोकळी होण्यातली नव्हती, फटीतला रंग विरघळवायलाच हवा होता. त्यासाठी थिनर पाहिजे, आणि थिनर भाऊंच्या खोपटात. चिमणी मागायला गेली.

भाऊ खोपटात ब्रश धुऊन ठेवत होते. स्वच्छ पांढरा सदरा घालून बसले होते, कारण उद्या माणूस यायचा होता आणि भाऊंना कपडे आदल्या दिवशीपासून घालून सराव करायची सवय होती. थिनर कशाला, असं त्यांनी विचारलं. चिमणी म्हणाली, हाताला ग्रीस लागलंय. ग्रीससाठी लोक रॉकेल मागतात, साबण मागतात. रंगाऱ्याकडे थिनर मागायला येतात ते रंगासाठीच. त्यांनी मुलीकडे नीट पाहिलं. तिच्या केसांत एक काळी कपची अडकली होती. त्यांनी ती चिमटीत धरून काढली आणि उजेडाकडे नेली.

कडेने पाहिलं तर थर दिसत होते. काळा, काळा, काळा, आणि मध्ये एक तपकिरी रेघ. एका वर्षी दुकानात काळा रंग संपला होता आणि भाऊंनी घरचा उरलेला तपकिरी मिसळून वेळ मारून नेली होती. सगळ्यांना त्यांनी तेव्हा सांगितलं होतं की हा नवा प्रकार आहे, जास्त टिकतो. ही गोष्ट जगात फक्त त्यांना माहीत होती.

"कुठून निघाली ही?" त्यांनी विचारलं.

चिमणीला बापाशी दुसऱ्यांदा खोटं बोलता आलं नाही. तिने खाली पाहिलं. "काकू म्हणाली, गंज आहे म्हणून सांगायचं."

भाऊंनी कपची हातात उलटीपालटी केली. त्यांना लाज वाटली, ती आधी रंगाऱ्याची वाटली. बिजागरी, कडी, किल्लीचं भोक, जे हलतं त्यावर रंग द्यायचा नाही, हे शिकाऊ पोरांना त्यांनी कान पिळून शिकवलेलं होतं. ज्यांच्या दारांवर त्यांनी काम केलं त्यांच्यापैकी एकाचंही दार कधी अडकलं नव्हतं. अडकली ती बापाची गाडी, कारण तिथे ते रंगारी म्हणून गेलेच नव्हते. मुलगा म्हणून गेले होते, आणि जितका जास्त रंग तितकी जास्त माया असं समजून ओतत राहिले होते. मग त्यांना दुसरं काही सुचलं आणि ते जास्त टोचलं. त्या पोरीने सकाळी सगळं पणाला लावलं होतं, आणि जिंकायची वेळ आली तेव्हा ती त्यांची अब्रू सांभाळत बसली होती.

त्यांनी थिनरचा डबा उचलला, दोन अरुंद ब्रश घेतले आणि अंगणात आले. ताई ट्रकच्या पायरीवर बसली होती. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. धाकटी नुकतीच खालून बाहेर येऊन हात पुसत होती. भाऊंच्या हातातला डबा पाहून तिने घाईघाईने सांगायला सुरुवात केली की पेटी चांगली आहे, थोडा गंज धरला होता एवढंच.

"गंज नाहीये तो," भाऊ म्हणाले. "माझा रंग आहे. गाडी मी बंद पाडलीय."

ताईने तोंड उघडलं आणि, हे लिहून ठेवण्यासारखं आहे, मिटलं.

"भाऊ, खाली येऊन बघा तरी," धाकटी म्हणाली. "सांगाड्याला एवढासुद्धा गंज नाही. तुमच्या रंगानेच गाडी राहिलीय."

"ते असू दे. सरक जरा."

आणि भाऊ त्या पांढऱ्या सदऱ्यासकट खाली शिरले. वहिनींना सदऱ्याबद्दल काही म्हणावंसं वाटलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाची शिस्त त्यांनी पाहिली होती, हट्ट पाहिला होता, प्रेम तर पाहिलंच होतं. आपली चूक चारचौघांत सांगून लगेच तिच्याखाली पाठ टेकणारा माणूस त्यांनी आज पाहिला. वहिनी चहाचा ट्रे तसाच हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना तो माणूस फार आवडला.

खाली भाऊंचं काम पाहावं असं होतं. रंग कसा लागतो ते ज्याला कळतं त्याला तो कसा निघतो तेही कळतं. घाई नाही, ओरबाडणं नाही. थिनर फटीत सोडायचा, थांबायचं, ब्रशने उचलायचा, फडक्याने टिपायचं, पुन्हा सोडायचा. मग धाकटीने खुंटीवर तेल सोडलं. चिमणीने आईला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं, कारण आत्याच्या हाताला धीर नव्हता. वहिनींनी क्लच दाबला आणि दांड्यावर हात ठेवला.

"ओढायचं नाही, आई," चिमणी सांगत होती. "जेवढा येतोय तेवढाच येऊ दे. मग परत ने. पुन्हा आण."

आधी दांडा बोटभरसुद्धा हलला नाही. मग थोडा हलला. भाऊ खालून म्हणत, थांब, आणि पुन्हा थिनर सोडत. धाकटी म्हणे, आता, आणि वहिनी दांडा पुढे-मागे करत. ताईने लिंबाखालून आपोआप ताल धरला आणि पुढे, मागे, पुढे, मागे असं साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागली. सकाळी दोन बाजूंना बसलेली ही माणसं आता एका दांड्याला लटकली होती. ऊन लिंबावरून सरकून भिंतीवर गेलं. शेवटी खालून सळई जोडली, नवी पिन घातली, तिची टोकं वाकवली, आणि वहिनींनी फक्त तळहाताने दांडा मागे ओढला. तो गेला. मऊ, सरळ, शेवटपर्यंत गेला.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिला, नुसत्या आनंदासाठी.

*

जुन्या वाटेच्या पायथ्याशी ट्रक थांबला. भाऊ उतरून पुढच्या चाकांपाशी वाकले. तिथे मधोमध एकेक गोल चकती होती. ती हाताने फिरवून ठेवावी लागते, नाहीतर छोटा गिअर टाकूनही पुढची चाकं जोर घेत नाहीत. चकत्या लगेच फिरल्या. त्या कशा अडकल्या नाहीत, असं चिमणीने विचारलं.

"त्या लोकांना दिसतात ना," भाऊ म्हणाले. "तिथे मी कागद चिकटवून रंग द्यायचो."

मग किल्लीचा प्रश्न आला. ताईच्या मते यात प्रश्न कसला, अवघड चढ आहे, भाऊ चालवतील. धाकटीनेही तेच गृहीत धरून किल्ली पुढे केली. भाऊ ट्रकला वळसा घालून गेले आणि दुसऱ्या बाजूच्या दारातून चढून शेजारच्या जागेवर बसले. ताई, वहिनी आणि चिमणी मागे, रिकाम्या हौद्यात उभ्या राहिल्या. ताईला कोणी नको म्हटलं नाही, कारण तसं म्हणून उपयोग नव्हता.

धाकटीने छोटा गिअर ओढला. ट्रक चढाला लागला आणि चिकण मातीवर मागची चाकं एकदा सटकली. तिने पाय हलवला नाही. पुढच्या चाकांनी माती पकडली आणि गाडी हळूहळू, जवळजवळ चालत्या माणसाच्या वेगाने, वर निघाली. इंजिनचा आवाज जड आणि एकसारखा होता. अर्ध्या चढावर एक वळण होतं आणि बाजूला उतार. भाऊंचा हात आपोआप हँडब्रेककडे गेला आणि त्यांनी तो परत मांडीवर घेतला. धाकटीने वळण घेतलं. तिने ते इतकं अलगद घेतलं की भाऊंना आपला भाऊ आठवला, मग अण्णा आठवले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ही त्या दोघांसारखी चालवत नाही, ही तिच्यासारखी चालवते. मागे हौद्यात ताई पूर्ण चढभर गप्प होती.

वर रोपवाटिकेचं फाटक होतं. धाकटीने इंजिन बंद केलं, मोठा गिअर टाकला, छोटा गिअर मध्ये राहिला नाही ना ते पाहिलं, आणि उतरून कडी काढली. आत कलमं रांगांनी उभी होती. दुपारचं पाणी चुकल्यामुळे पानं थोडी मलूल झाली होती. ती त्यांच्याकडे पाहतच आत गेली, नळ सोडला आणि पाइप पहिल्या रांगेत टाकला. चिमणी आणि वहिनी तिच्या मागोमाग आल्या. ताई तर आधीच एका कुंडीची माती बोटाने दाबून पाहत होती. मग धाकटीच्या लक्षात आलं की भाऊ दिसत नाहीत.

ते फाटकाबाहेर उभे होते. हे फाटक त्यांनी स्वतः कितीदा रंगवलेलं, ही जमीन त्यांच्या बापाची, आणि आजवर ते इथे आले तेव्हा हाक न मारता थेट आतपर्यंत येत. सदरा काळा झालेला, उजवा खांदा डाव्या हाताने धरलेला. कडी उघडी होती, तरी ते बाहेरच होते.

"भाऊ, थांबलात का?"

"येऊ का आत?" भाऊंनी विचारलं.

धाकटी फाटकापर्यंत आली. "असं काय विचारता," ती म्हणाली. "आपलीच जागा आहे."

"तुझी," भाऊ म्हणाले, आणि तिने या म्हणेपर्यंत तिथेच उभे राहिले.